उरलेले पाच महिने

"इथे दुखतंय का?" तान रुफिनाने विचारलं.

"हो, दुखतंय ना! आई गं!" डोळे घट्ट मिटून घेतलेल्या दिताने तोंड वेडंवाकडं करून दाखवलं.

"मी अजून हात लावलेला नाही, बये," म्हातारी म्हणाली.

दिताने डोळे उघडले. तिचा उजवा पाय म्हातारीच्या मांडीवर होता आणि म्हातारीचे दोन्ही हात तेलाच्या बाटलीचं घट्ट बसलेलं बूच काढण्यात गुंतले होते. चोरी अशी उघडी पडल्यावर हसावं की रडावं हे दिताला कळेना. ती हसली. तान रुफिना मात्र हसली नाही. ग्वाम बेटावरच्या इनालाहान गावात सगळे तिला मानाने तान, म्हणजे आजी, म्हणत आणि तिच्या हाताखालून तीन पिढ्यांची दुखणी गेली होती. ती हसेनाशी झाली की समोरच्याने ओळखायचं, दुखणं साधं नाही.

अंगठ्याखाली एक जखम होती. कडेने कातडी पांढरी पडलेली, मध्ये काळसर. म्हातारीने नाक जवळ नेऊन वास घेतला आणि पाय हळूच खाली ठेवला.

"झाडीत गेली होतीस?"

"गेल्या महिन्यात. पलटणीचा सराव होता."

"आत शिरण्याआधी थोरल्यांची परवानगी मागितलीस?"

"मागितली, तान. दर वेळी मागते. पलटणीतली पोरं फिदीफिदी हसतात, पण मी वडाखालच्या पूर्वजांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही."

"मग हे त्यांचं काम नव्हे. त्यांनी धरलं असतं तर मी सोडवलं असतं. ही साखर आहे. तुझ्या आईची अशीच होती. ऊठ आणि इथूनच सरळ दवाखान्यात जा."

"पाच महिने, तान," दिता म्हणाली. "फक्त पाच महिने ढकलून द्या कसे तरी. मग तुम्ही म्हणाल त्या दवाखान्यात जाते."

"पाच महिने द्यायला मी काय कॅलेंडर आहे?"

असं म्हणाली खरी, पण दिताने तिचा हात धरून नाकाला लावला, थोरल्यांना मान द्यायला लहानपणी लावायची तसा, आणि म्हातारीचा नाइलाज झाला. तिने पाला वाटून दिला, तेल दिलं. "हे पायासाठी नाही, तुझ्या समाधानासाठी देतेय," म्हणाली. "आणि तुझं समाधान झालं म्हणून पाय बरा होणार नाही, हे ध्यानात ठेव."

आता या पाच महिन्यांचं प्रकरण काय होतं ते सांगायला हवं.

दिता, म्हणजे बर्नादिता नापुती, आठवडाभर तुमोनच्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची आणि महिन्यातून एका शनिवार-रविवारी गणवेश चढवून सार्जंट नापुती व्हायची. ग्वाम बेटावर यात नवल काही नाही. इथे दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी राखीव पलटणीत असतंच. दिता पलटणीचे ट्रक चालवायची. दोनदा परदेशी मोहिमेवर जाऊन आली होती, एकदा कुवेतला आणि एकदा अफगाणिस्तानात. त्या मोहिमांच्या बदल्यात सरकारकडून कॉलेजच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च मिळण्याचा हक्क तिने कमावला होता. स्वतः शिकायचं वय उलटून गेलेलं. पण हा हक्क मुलांच्या नावावर करता येतो.

खरं तर तो तिने वापरायचाच नव्हता. तिचा नवरा किन, म्हणजे होआकिन नापुती, तोही वीस वर्षं पलटणीत होता आणि त्याच्याकडेही तसाच हक्क होता. ठरलं होतं ते असं की किनचा हक्क पोरीला द्यायचा आणि दिताने गणवेश उतरवून गुडघ्यांना आराम द्यायचा. किनने वाजतगाजत निवृत्ती घेतली. डुक्कर भाजलं, लाल भाताची पातेलीच्या पातेली रिकामी झाली, सगळं गाव जेवून गेलं. हक्काचं काय, तर पोरगी कॉलेजला जाईल तेव्हा जाऊन तिचं नाव घालू, असा त्याचा साधा हिशोब होता. पोरगी तेव्हा शाळेत होती. घाई कसली?

पुढे तो कचेरीत गेला तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं, की नाव घालायचं असतं ते अंगावर गणवेश असताना. उतरवल्यानंतर नाही. एका दिवसाने चुकला असतात तरी उत्तर हेच असतं.

वीस वर्षं पाण्यात गेली. किन घरी आला आणि मागच्या पायरीवर बसून राहिला. दिता त्याला एका शब्दाने बोलली नाही. तिने भात गरम केला, वाढला, आणि दुसऱ्या दिवशी पलटणीत जाऊन आणखी चार वर्षांसाठी सही करून आली. नियमच तसा होता: मुलीच्या नावावर हक्क करायचा असेल तर वर आणखी चार वर्षं नोकरी द्या. दिली. पोरगी, तासी, तिकडे अमेरिकेत ऑरेगनला पूल बांधायचं शिकायला गेली. तिची फी, तिची खोली, तिची पुस्तकं, सगळं त्या एका सहीवर चाललं होतं. चार वर्षांतले पाच महिने उरले होते.

तो चार वर्षांपूर्वीचा दिवस नापुतींच्या घरातून गेला नव्हता. त्या दिवशी दोघांनी एक गोष्ट कायमची मनाशी धरली: कचेरीला दयामाया नसते. विचारायला जाल तर आहे तेही जाईल.

संध्याकाळी दिता घरी आली तेव्हा किन अंगणात मासे साफ करत होता.

"उशीर झाला?" त्याने वर न बघता विचारलं.

"तान रुफिनाकडे गेले होते. पाठ धरली होती."

"पाठ?"

"पाठच."

"मग मोजा उजव्या पायातला का ओला आहे?"

दिताने खाली बघितलं. कॅनव्हासच्या बुटातून एक डाग वर आला होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता. ती म्हणाली, "तेल लावलंय तिने. सगळीकडे तेल. म्हातारीचा हात सढळ आहे."

किनने सुरी ठेवली. "दिता, सोड ती पलटण आता. पोरगी येईल परत. इथल्या कॉलेजात शिकेल. मी बोटीवर जास्त दिवस जातो."

"तू माशांचं बघ. जाळं टाकायची वेळसुद्धा चुकवतोस तू, मासे निघून गेल्यावर टाकतोस."

ती गमतीने म्हणाली होती, नेहमीचीच थट्टा होती ती, सगळं गाव करायचं. पण वेळ चुकवण्याचा विषय त्या घरात निघायला नको होता. किनचा चेहरा उतरला. त्याने सुरी पुन्हा उचलली आणि आधीच साफ झालेला मासा पुन्हा साफ करायला घेतला. दिताला जीभ चावावीशी वाटली.

ती घाबरली होती, उगाच कशाला फिरवून सांगायचं. दोन वर्षांपूर्वी हॉटेलात आरोग्य तपासणीची गाडी आली होती, बोट टोचून रक्त घेतलं आणि तिथल्या नर्सने भुवया उंचावून "लगेच डॉक्टरांना भेटा" म्हटलं, तेव्हापासून घाबरली होती. डॉक्टरांना भेटायचं म्हणजे ते लिहिणार. लिहिलं म्हणजे पलटणीला कळणार. साखरेच्या रोग्याला मोहिमेवर पाठवता येत नाही, ज्याला पाठवता येत नाही त्याला ठेवत नाहीत, आणि चार वर्षं पुरी व्हायच्या आत बाहेर पडलं तर पोरीचं शिक्षण बंद, वर दिलेलं परत मागणार. हे सगळं तिने कुणाला विचारलं नव्हतं. तिला ठाऊक होतं. तायताग्वेचं सगळ्यांनाच ठाऊक होतं ना! मालेसो गावचा तायताग्वे पलटणीतून मध्येच बाहेर पडला आणि त्याचा मुलगा हवाईहून कॉलेज सोडून परत आला. आता टायरच्या दुकानात काम करतो. त्याला रस्त्यात बघितलं की दिता तोंड फिरवायची.

पलटणीच्या वार्षिक तपासणीत दोन्ही वर्षं त्यांनी विचारलं, काही त्रास? ती म्हणाली, नाही. साखर? नाही. पायांना मुंग्या? नाही. पहिल्या वर्षी मुंग्या येत होत्या. दुसऱ्या वर्षी त्याही येईनाशा झाल्या, म्हणजे ते उत्तर तसं खरंच होतं.

शुक्रवारी तासीचा फोन आला. तिकडे अजून गुरुवारच होता.

"आई, तू दमलेली वाटतेस."

"चादरी काय स्वतःहून इस्त्री होतात? तुझं सांग. जेवतेस ना? भात करतेस की त्या पावावर जगतेस?"

"करते. आई, ऐक ना. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी नोकरी सोडली, तिचं सगळं थांबलं. मला एकदम तुझी आठवण आली. तुला जड जात असेल तर सांग हं. मी काहीतरी करीन. संध्याकाळचं काम धरीन."

"गप्प बस," दिता म्हणाली. "तू पूल बांध. बाकीचं तुझ्या बापाचं आणि माझं काम."

फोन ठेवल्यावर तिने नवा पाला लावला, वर दोन मोजे चढवले आणि दुसऱ्या दिवशीच्या गणवेशाला कडक इस्त्री केली.

शनिवारी सकाळी बारिगादाच्या तळावर हजेरी झाली. ट्रक दक्षिणेला जायचा होता, मागे पलटणीतली पोरं, काही तर तासीच्याच शाळेतली. गणवेशात ती दिताला "सार्जंट" म्हणायची, सुटी झाली की "आंटी" म्हणत हाताला नाक लावायची. शेजारच्या जागेवर फर्स्ट सार्जंट मेनो बसला. मेनो बोलका माणूस. हुमाताकच्या घाटापर्यंत त्याने आपल्या कोंबड्यांच्या झुंजींचं पुराण लावलं होतं. दिता हं-हं करत होती आणि दर वळणाला खाली बघत होती.

हे खाली बघणं गेल्या दोन महिन्यांतलं. पायाखाली ब्रेक आहे की दुसरं काही, हे पायाला कळत नव्हतं. बघितलं की कळायचं. हॉटेलला जायच्या छोट्या गाडीत तेवढं जमून जायचं. ट्रकचंही गेल्या महिन्यात जमलं होतं. कुठलीही भयंकर गोष्ट एकदा जमली की माणूस म्हणतो, पुन्हा जमेल.

घाट उतरला की चर्च येतं. कुणाचा तरी अंत्यविधी आटोपून काळ्या कपड्यांतल्या बायका रस्ता ओलांडत होत्या. म्हाताऱ्याच जास्त, एकमेकींचे दंड धरून सावकाश चालणाऱ्या. दिताने त्यांना पाहिलं. भरपूर अंतर होतं. तिने पाय दाबला.

ट्रक पुढे झेपावला.

तिने आणखी जोरात दाबला. इंजिन गुरगुरलं, मागे पोरं ओरडली, मेनोने "दिता!" म्हणून हाक मारली. ती खाली बघू शकत नव्हती, समोर त्या बायका होत्या. तिला एवढंच कळत होतं की ती ब्रेक दाबतेय, जीव खाऊन दाबतेय आणि गाडी थांबत नाही. मग तिने खाली बघितलं. बूट भलत्याच जागी होता. तिने दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरून पाय उचलून बाजूला टाकला आणि हातब्रेक ओढला.

ट्रक करकचून थांबला. पुढच्या म्हातारीची छत्री ट्रकच्या नाकाला टेकली होती.

मग म्हातारीने ती छत्री ट्रकवर आपटली. "काय गं ए! आत्ता कुठे एकाला पोचवून येतोय, आम्हालाही पोचवतेस का?"

कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. मागची पोरं उतरली, भेदरलेली, उगाच हसणारी. दिताचे हात स्टीअरिंगवरून निघत नव्हते. मेनो उतरून समोर गेला, बायकांची माफी मागितली आणि मग मागून येणाऱ्या जीपमधल्या मेकॅनिकवर, किनातावर, तोंडसुख घ्यायला लागला.

"ब्रेक लागला नाही! काल सही कुणाची होती तपासणीवर?"

"माझीच, फर्स्ट सार्जंट, पण मी स्वतः..."

"स्वतः काय? समोर माणसं होती! तुझी हुद्द्याची पट्टी गेली समज. आणि पट्टीवर भागलं तर नशीब."

किनाता तिशीतला, नुकतंच दुसरं मूल झालेला. तो ट्रकखाली शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला. "ब्रेक ठीक आहे हो," तो रडकुंडीला येऊन म्हणत होता. "आईशप्पथ ठीक आहे."

दिता वर बसून हे ऐकत होती. तिला समोर वाट दिसत होती. ट्रक नादुरुस्त ठरेल. चौकशीत महिनाभर जाईल, दोन महिने जातील. तिला चालवायला देणार नाहीत. बघता बघता पाच महिने निघून जातील आणि तासीच्या हातात पदवी पडेल. तिने फक्त गप्प बसायचं होतं. दोन वर्षं ती तेच तर करत आली होती.

"पोरांनो, मागे व्हा," मेनो ओरडत होता. "परतीला दुसरा ट्रक मागवतो. दिता, तू दुसरा घेऊन ये."

दुसरा घेऊन ये. तिने मागे वळून बघितलं. पोरं रस्त्याकडेला उभी होती, एक जण त्या छत्रीवाल्या म्हातारीचा हात धरून नाकाला लावत होता.

"किनाताला सोडा," दिता म्हणाली. मेनोचं ओरडणं चालूच होतं. तिने पुन्हा म्हटलं, "फर्स्ट सार्जंट, त्याला सोडा. ब्रेकला काही झालेलं नाही."

"मग कशाला झालंय?"

"मला माझा पाय लागत नाही."

मेनोला कळलं नाही. ती खाली उतरली, ट्रकच्या पायरीवर बसली आणि सगळ्यांसमोर बुटाची नाडी सोडायला लागली. गाठ सुटेना. शेवटी किनातानेच वाकून ती सोडली. बूट निघाला तेव्हा आतून जे ओघळलं ते पाहून पोरांनी माना फिरवल्या. वरचा मोजा हिरवा असायला हवा होता. छत्रीवाल्या म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली, मघाचा राग विसरून खाली बसली आणि स्वतःचा काळा रुमाल त्या पायाखाली अंथरला.

"कधीपासून?" मेनोने विचारलं.

"बऱ्याच दिवसांपासून."

"आणि तू माझी पोरं मागे घालून..." तो थांबला. तो ओरडला असता तर दिताला बरं वाटलं असतं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि रुग्णवाहिका मागवायला बाजूला गेला.

"फर्स्ट सार्जंट," ती मागून म्हणाली, "आधी एवढंच सांगा. माझ्या पोरीचं कॉलेज जाणार का?"

मेनो वळला. या माणसाला कोंबड्यांपासून क्षेपणास्त्रांपर्यंत सगळं ठाऊक असे. "मला माहीत नाही गं, दिता," तो म्हणाला.

इस्पितळात डॉक्टरांनी फार वेळ लावला नाही. विष वर चढलं होतं, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल म्हणाले. दिताने मान हलवली. किनला वाटलं तिला समजलंच नाही. तिला समजलं होतं, पण तिची भीती दुसऱ्याच दाराशी बसली होती. शस्त्रक्रियेला नेतानासुद्धा तिने किनचा हात धरून सांगितलं, "कचेरीतून कुणी आलं तर काही कबूल करू नकोस. मी शुद्धीवर आले की बोलेन."

कचेरीतून आगुऑन बाई आल्या, पण पुढच्या आठवड्यात. शिक्षणाच्या हक्काचं काम त्याच बघायच्या, त्या जुन्या टेबलामागच्या माणसाच्या जागी येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. हातात लाल भाताचा आणि कोंबडीचा डबा होता. चेहरा प्रेमळ होता. त्या प्रेमळ चेहऱ्याचीच दिताला धास्ती वाटली. किन खुर्चीतून उठून उभा राहिला, न्यायाधीशासमोर उभा राहावा तसा.

"बसा हो," आगुऑन बाई म्हणाल्या. "मेनोने मला सगळं सांगितलं. आजार लपवल्याबद्दल पलटणीकडून कडक शब्दांत ताकीद मिळेल, ती घ्यावीच लागेल. आणि नोकरीतून आता निवृत्त करतील."

दिताने डोळे मिटले. "किती परत द्यावं लागेल?"

"काय परत?"

"पोरीचं. पाच महिने राहिले होते ना माझे."

आगुऑन बाईंनी डबा खाली ठेवला. "अगं, काही परत द्यायचं नाही. दुखण्यामुळे कुणाला बाहेर पडावं लागलं तर राहिलेली नोकरी पुरी झाली असंच धरतात. तासीचं काहीसुद्धा जात नाही. शिकू दे तिला निवांत."

दिताच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की कसला ते किनला कळलं नाही. ती आगुऑन बाईंचे हात धरून नाकाला लावायला लागली, त्या वयाने लहान असूनही. त्यासुद्धा गहिवरल्या. भल्या बाई होत्या त्या. गहिवरलेल्या माणसाला किती बोलायचं याचं भान राहत नाही, एवढाच काय तो त्यांचा दोष.

"उगाच जिवाला घोर लावून घेतलास," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली असतीस तरी मी हेच सांगितलं असतं. तेव्हाही काही गेलं नसतं."

किन खुर्चीत बसला.

"तायताग्वे," दिता म्हणाली. "त्याच्या मुलाला मग का..."

"तो होय! त्याला कुठे काय आजार होता? सरावाला यायचाच बंद झाला, फोन उचलेना. त्याची गोष्ट वेगळी." त्यांनी उसासा टाकला. "कुणी विचारायलाच येत नाही गं माझ्याकडे. मी तिथे बसून असते."

त्या गेल्या. डब्यातून भाताचा वास येत होता. किन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. दिताने त्याची पाठ बघितली. या माणसाची चूक झाली तेव्हा ती त्याला काही बोलली नव्हती, आणि आपण न बोलल्याचा तिला मनातून थोडा अभिमानच वाटत आला होता. आता त्याने काहीतरी बोलावं, निदान चिडावं, असं तिला फार वाटलं. त्याने वळून विचारलं, "जेवतेस का थोडं? गरम आहे अजून."

तिला रडू आवरेना. किनने तिला रडू दिलं.

तिचं रडणं ओसरतंय तोच फोन वाजू लागला. तासी होती, चेहरा दिसणारा, व्हिडिओचा फोन. आईच्या पायाला जखम झाली म्हणून इस्पितळात ठेवलंय, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

"उचलू नकोस," किन म्हणाला.

"न उचलून कसं चालेल? घाबरेल ती." दिताने तोंड पुसलं, केस मागे सारले. "तिची परीक्षा होईपर्यंत काही बोलायचं नाही. आणि आगुऑन बाई शेवटी जे म्हणाल्या ते तर कधीच नाही. कधीच नाही, किन. आईचा पाय आपल्यापायी गेला, एवढं ती सहन करेल. उगाचच गेला हे कळलं तर तिला ते पेलायचं नाही."

"बरं."

तिने फोन हातात घेतला आणि मग थबकली. फोन कितीही वर धरला तरी मागे पलंग दिसणारच होता. चादरीखाली एका बाजूला पाय होता आणि दुसऱ्या बाजूला, गुडघ्याच्या थोडं खाली, चादर एकदम सपाट झाली होती.

किनने ते बघितलं. तो येऊन त्या सपाट जागेवर बसला, पाय जवळ घेऊन.

दिताने फोन उचलला. तासीचा चेहरा उमटला, मागे पावसाळी खिडकी. ती परीक्षेचं सांगायला लागली, पुलाच्या नमुन्याला सर्वांत जास्त वजन पेललं म्हणून सांगायला लागली, आणि मध्येच थांबून म्हणाली, "बाबा, तू तिथे काय अवघडून बसलायस? खुर्ची नाही का त्यांच्याकडे?"

"आहे की," किन म्हणाला. "मला इथेच बरं वाटतंय."